खाटेजवळचं पट्टेरी झाड

त्या झाडाबद्दल आमच्या घरात कोणी एक शब्द चांगला बोललं नाही. सून म्हणाली, "मामाजी, याले फूल येते का?" मुलगा म्हणाला, "बाबा, यापेक्षा प्लॅस्टिकचं आनलं असतं, पानी तरी घालाव लागलं नसतं." शेजारी आले, त्यांनी एक पान चुरगाळून त्याचा वास घेतला, जसं काही मी मेथीची जुडी विकायला मांडली होती. आणि जिच्यासाठी आणलं, तिनं तर त्याच्याकडे पाहून असं तोंड केलं की कुंडीवरचा माझा हात तसाच राहिला.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर आदिलाबादच्या बाजारात भाजी विकली. गिऱ्हाईक सगळी वांगी दाबून बघतं आणि शेवटी न घेता निघून जातं, तेव्हा राग गिळावा लागतो. तो गिळलेला सगळा राग आता वर येतो आहे, असं मुलगा म्हणतो. म्हणू दे. पण त्या वर्षभरात मी जो चिडलो, तो बरोबर चिडलो.

आदल्या पावसाळ्यात बायकोला लकवा मारला. वाडीत भेंडीच्या ओळीत खुरपत बसली होती, ती उठलीच नाही. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. शहराबाहेर मावला गावाच्या अंगाला आमची भाजीची छोटीशी वाडी आहे. वाडी तिची आणि दुकान माझं, अशी आमची लग्नापासूनची वाटणी. ती तलमडुगूकडच्या कापूस-ज्वारीवाल्या घरातली. भाजीपाला तिला इथं येऊन शिकावा लागला, आणि एकदा शिकल्यावर तिनं मला वाडीत हात म्हणून लावू दिला नाही. "तुमी इकाचं पाहा," म्हणायची, "पिकवाची अक्कल तुमाले नाई." ते खरंच होतं. मी आयुष्यात एक रोप लावलेलं नव्हतं.

तिचा उजवा हात म्हणजे काय होता, ते सांगायला हवं. भेंडीवर केवडा नावाचा रोग येतो. पानं पिवळी पडतात, शिरांची जाळी उठून दिसते, पान चितारल्यासारखं होतं. एका झाडावर आला की पांढरी माशी तो साऱ्या वाडीत नेते. त्यावर तिचा एकच नियम होता. दिसलं की त्याच पावली उपटायचं. उद्या नाही, चहा पिऊन नाही. खोड मुळाशी धरायचं, एक पीळ द्यायचा आणि मग ओढायचं, म्हणजे मूळ तुटून मागं राहत नाही. उपटलेलं झाड दुसऱ्याला घासू नये म्हणून पदरात गुंडाळायचं आणि बांधाच्या पलीकडे खड्ड्यात पुरायचं.

एकदा माझ्या पुतणीच्या लग्नाला निघालो होतो. ऑटो वाडीवरून चालला होता आणि हिला रस्त्यावरून एक पिवळं पान दिसलं. "थांबवा." नवी साडी, अंगावर होते नव्हते ते दागिने, आणि बाई चिखलात. उपटलं, गुंडाळलं, पुरलं, आणि तशीच घोट्यापर्यंत चिखलाची येऊन ऑटोत बसली. आम्ही पोचलो तेव्हा लोक जेवायला बसले होते. तिला त्याचं काही वाटलंही नाही.

तर त्या हाताची अशी गत झाली की मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. मुलानं तिची खाट मागच्या खोलीत टाकली. पुढच्या खोलीत माणसांची ये-जा, तिला आराम पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडणारी. सगळा जन्म उन्हात गेलेल्या बाईला आम्ही आरामाच्या नावाखाली त्या अंधारात नेऊन टाकलं. मी मुलाशी भांडलो. तो म्हणाला, "बाबा, मंग तुमीच सांगा, कुठं ठेवू?" ते मला सांगता येईना, म्हणून मी आणखी चिडलो.

भेटायला येणारे तर विचारू नका. खाटेशी बसायचे, तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलायचे, ती जशी काही तिथं नाहीच. "आता जसं हाय तसं मानून घ्याव लागते." का मानून घ्यायचं? चहा पिऊन उठणाऱ्यांना मानून घ्यायला काय जातं? एकाला मी सरळ सांगितलं की उद्यापासून फोनवरच विचारत जा.

तिला निदान काही हिरवं दिसावं म्हणून मी कोथिंबीर पेरली डब्यात. ती फिकट पडून आडवी झाली. तुळस आणली, तिची पानं झडली. तेव्हा मी रागारागानं निर्मलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत गेलो आणि म्हणालो, असं झाड द्या की ज्याला ऊन नको. रोपवाटिकेवाला तेलुगू माणूस, माझ्याशी त्याच्या हिंदीत बोलला. "ये मोक्का लेव. एंडा में नक्को, नीडा में रखना." मोक्का म्हणजे रोप, एंडा म्हणजे ऊन आणि नीडा म्हणजे सावली, एवढं इथं कोणालाही कळतं. झाडाचं नाव त्यानं कॅलेथिया सांगितलं. गर्द हिरव्या पानावर मधल्या शिरेपासून कडेपर्यंत फिकट पोपटी पट्टे, एकाआड एक, आणि पान उलटलं की खालून वांग्याच्या सालीचा रंग. मला ते फार आवडलं. भाजी सोडून दुसरं काही आवडून घेतलेलं ते माझं पहिलंच झाड.

घरी आणलं, खिडकीजवळ स्टुलावर ठेवलं. तिनं मान वळवली. पाहिलं. आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून एक धड शब्द निघाला.

"केवडा."

मी आनंदानं सुनेला हाक मारली. ती धावत आली, तोवर दुसरा शब्द आला.

"उपट."

मी हसलो. म्हटलं, "अवं, हे असंच असते. रोग नाई हा, जातच पट्ट्याची हाये." तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ती पूर्वी शिळी भेंडी ताजी म्हणून खपवणाऱ्या दलालांकडे पाहायची. "उपट," ती पुन्हा म्हणाली. मी नाही म्हणालो. मग तिसरा शब्द आला, तोही अगदी स्वच्छ.

"मुडद्या."

उभ्या जन्मात मला 'अवो'शिवाय हाक न मारलेली बाई! वाचा गेली तरी शिव्या शाबूत राहतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायची, तिनं नंतर सांगितलं की असं होतं, खूप जणांचं होतं. मला त्यातही रागच आला. 'पाणी' म्हणता येत नाही, 'भूक' म्हणता येत नाही, आणि 'मुडद्या' कसं येतं?

तेव्हापासून रोज तेच. सकाळी मी कुंडीला पाणी घालायला गेलो की "उपट." दुपारी "केवडा." संध्याकाळी त्या झाडाची पानं हळूहळू वर उचलली जाऊन उभी होतात आणि सकाळी पुन्हा पसरतात, ते मला बघत बसावंसं वाटायचं. ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. मी पान उलटून दाखवलं, शिरा दाखवल्या, की बघ, कुठं जाळी आहे का? केवडा आलेलं पान चुरमडतं, हे कसं ताठ आहे? ती भिंतीकडे तोंड करायची. एकदा तर मी भेंडीचं केवडा आलेलं खरंखुरं पान वाडीतून आणून शेजारी धरलं. त्याचा उलटा परिणाम झाला. घरात दोन-दोन रोगट पानं आणली म्हणून तिनं दिवसभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

सून म्हणाली, "मामाजी, आत्याबाईले तरास होऊन राह्यला, तर ठेवता काऊन? द्या ना बाहेर." मुलगाही तेच म्हणाला. मी ठाम नाही म्हणालो. ते मला हट्टी म्हणाले, पण उत्तर माझ्याजवळ होतं. त्या घरात सगळे तिला हो हो म्हणायला लागले होते. ती काहीही पुटपुटली की हो माय, बरं माय. लहान लेकराशी बोलतात तसं गोड गोड. वाडीत मजुरांना दरडावणारी बाई ती! तिच्याशी माणसासारखं भांडणारा मी एकटा उरलो होतो, आणि भांडायला आमच्यात ते झाडच होतं.

खरी काळजी हाताची होती. व्यायामवाली बाई यायची तेव्हा दरवेळी म्हणायची, "अम्मा, चेय्यी एत्तंडी, हात उठाओ." खांदा थोडा हलायचा, कोपर कधीमधी वळायचं, पण बोटं ढिम्म. तिनं मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की हे महिने महत्त्वाचे आहेत, आता बोटांनी काही धरलं नाही तर ती अशीच आखडून जातील. मग कितीही चोळा. तिला जेवण भरवावं लागतं हे मी सहन करत होतो, पण तो हात कायमचा गेला तर ती जिवंत राहील की नाही याचीच मला शंका होती. वाडीशिवाय तिनं दुसरं काही केलंच नव्हतं.

व्यायामासाठी एक रबरी चेंडू होता, गुलाबी, त्यावर हसरं तोंड काढलेलं. तो तिच्या तळव्यात ठेवायचा आणि दाब म्हणायचं. चेंडू घरंगळून खाटेखाली जायचा. मी खाली वाकून काढायचो, पुन्हा ठेवायचो. ते हसरं तोंड पाहून माझ्या डोक्यात तिडीक जायची. मुलानं निर्मलहून रंगवलेल्या लाकडी भाज्या आणल्या, धरायला बरं पडेल म्हणून. लाकडी वांगं, लाकडी मिरची, लाकडी भेंडी. मुलाचा हेतू चांगला होता, पण जिनं खऱ्या भेंडीच्या पाट्यांवर पाट्या तोडल्या तिच्या हातात खेळण्यातली भेंडी? तिनं डाव्या हातानं ती उचलली, निरखून पाहिली आणि खाटेखाली टाकून दिली. त्या दिवशी मी तिच्या बाजूनं होतो.

मग त्या बाईनं आणखी एक उपाय सांगितला. रोज थोडा वेळ चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि मनगटाशी बांधून टाकायचा, म्हणजे डावा हात पुढे येणार नाही आणि उजव्याला काम करावंच लागेल. हे काम माझ्याकडे आलं. मी मोजा बांधायला लागलो की ती मला ज्या शिव्या द्यायची, त्यांतल्या काही मी तलमडुगूच्या सासऱ्यांकडूनही ऐकल्या नव्हत्या. मी ओरडायचो, "हात पाह्यजे का नको तुले?" ती म्हणायची, "मेलं." म्हणजे हात मेला. त्या शब्दावर माझा आवाज असा चढायचा की सून स्वयंपाकघरातून धावत यायची.

उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. खिडकीत कूलर बसवला, म्हणून स्टूल तिथून सरकवून खाटेच्या उजव्या अंगाला ठेवावं लागलं. डावीकडे भिंतच होती. झाड आता तिच्या अगदी उशाशी आलं, आणि घरातलं भांडण आणखी वाढलं. कूलरच्या ओल्या हवेवर झाड मात्र खूश होतं. फक्त पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या. रोपवाटिकेवाल्यानं सांगितलं की बोअरचं पाणी त्याला चालत नाही, क्षार असतात. मग मी त्याला पिण्याच्या कॅनमधलं पाणी घालू लागलो. सून म्हणाली, "आमी बोअरचं पेतो, अन् झाडाले कॅनचं!" मी कानाडोळा केला. कडा सुधारल्या. मधून एक नवं पान निघालं, गुंडाळी केलेल्या कागदासारखं, टोकदार. ते कधी उलगडतं याची मी सकाळपासून वाट बघायचो. माझ्या हातानं वाढलेलं ते पहिलं पान होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि ती बाई त्याच्याकडे वैऱ्यासारखी बघत होती.

त्या दुपारी मी तिच्या डाव्या हातावर मोजा बांधला. चेंडू ठेवला. पडला. ठेवला. पडला. मी म्हटलं, "दाब." ती म्हणाली, "मेलं." मग आमचं चांगलंच जुंपलं. मी म्हटलं, "तुले केवडा केवडा कराले पायजे, अन् हात हलवाले नको! आता हे झाड मी तुह्या छातीवर ठेवतो, पाह्य तू." आणि खरंच स्टूल खाटेला चिकटवून ठेवलं. पानं तिच्या खांद्याला टेकायला लागली. मग मी चेंडू लाथेनं कोपऱ्यात उडवला आणि कॅनवाल्याची गाडी आली म्हणून बाहेर गेलो.

कॅन घेऊन आत आलो तर कुंडी आडवी. चादरीवर माती, जमिनीवर माती, आणि झाड जागेवर नाही.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "कोनं उपटलं?" सून पिठाच्या हातानं धावत आली. मला वाटलं, हिनंच. म्हटलं, "तुमाले सगळ्याईले ते खुपत होतं, माहीत हाये मले!" ती बिचारी म्हणाली, "मामाजी, मी पोळ्या करून राह्यली होती." मग मला झाड दिसलं. ते बायकोच्या छातीवर होतं, मुळांसकट, माती गळत असलेलं. नवं पान अजून गुंडाळलेलंच होतं आणि मधोमध दुमडलं होतं. ते पाहून तर मला रडायलाच आलं, आणि रडू आलं की मी जास्त ओरडतो. "कायले उपटलं? तुह्या बापाचं काय खात होतं? इतके महिने सांगून राह्यलो, रोग नाई, रोग नाई! एवढं जीव लावून वाढवलं मी..."

तीही मागे हटली नाही. घामानं डबडबलेली, केस कपाळाला चिकटलेले, धापा टाकत होती, पण आवाज वाडीतला होता. "केवडा! मुडद्या! लांब. लांब पूर."

"नाई पुरत! उलट परत लावतो!"

"मामाजी," सून म्हणाली.

"तू मधात बोलू नको."

"मामाजी, आत्याबाईचा हात पाहा ना."

डावा हात मी बांधला होता तसाच होता. मोजा चढवलेला, मनगटाशी माझीच गाठ. मी पुन्हा छातीवरच्या झाडाकडे पाहिलं. त्याच्या बुंध्याभोवती उजव्या हाताची बोटं होती. मुळाशी धरलेलं होतं, आणि देठांना पीळ पडला होता. एकही मूळ तुटून कुंडीत राहिलेलं नव्हतं.

मी खाटेवर बसलो. माझा राग गेला नव्हता, पण त्याचं काय करावं ते कळेना. तिच्या मुठीतून झाड काढून घ्यायला गेलो. मूठ सुटेना. तिलाही ती उघडता येत नव्हती, आणि मला एकेक बोट सोडवावं लागलं. मी आधी अंगठा सोडवला, मग करंगळी, तोवर अंगठा पुन्हा मिटला. ज्या बोटांत चेंडू राहत नव्हता, त्या बोटांशी मला झटापट करावी लागत होती. सून तोंडाला पदर लावून उभी होती. बायको माझ्यावर डाफरतच होती, "लांब, लांब," कारण मी झाड तिथंच खाटेवर ठेवलं होतं आणि तिला ते बांधापलीकडे गेलेलं पाहिजे होतं.

संध्याकाळी मी ते वाडीत नेऊन खड्ड्यात पुरलं. ती विचारणार होती आणि माझं खोटं तिला लगेच कळतं, म्हणून खरंच पुरलं. माती लोटताना मला त्या नव्या पानाचं फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं. तिला एकदा तरी ते उलगडलेलं बघायला लावायचं होतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोपवाटिकेत गेलो. मालकानं ओळखलं. विचारलं, कैसा है मोक्का? मी सांगितलं, गेलं. त्याला वाटलं मी उन्हात ठेवलं असणार. तो मला पुन्हा एंडा आणि नीडा समजावून सांगायला लागला. मी त्याला मध्येच थांबवलं आणि म्हटलं, तशीच आणखी द्या, आणि बारीक देठाची नको, जाड बुंध्याची द्या, ज्यांना ओढायला जोर लागेल अशी. तो आत जाऊन कुंड्या चाळायला लागला.

"पट्टे जास्त असलेली पाहून द्या," मी म्हटलं. "आमच्या घरी उपटणारी आहे."